बैलाच्या कानात सांगितलेलं नाव

बैल पाडण्याआधी महादू नालबंद त्याच्या कानाशी तोंड न्यायचा आणि काहीतरी पुटपुटायचा. मग पाठीवर एक थाप, दोराला एक हिसका, आणि ते धिप्पाड जनावर निमूटपणे आडवं व्हायचं. दुसऱ्या नालबंदांकडे बैल पाडायचा म्हणजे चार माणसं, सतरा सूचना आणि कोणाचा तरी गुडघा फुटणार हे ठरलेलं. महादूकडे तसलं काही नव्हतं. शाळेच्या ओट्यावरून हे बरेच दिवस पाहिल्यावर मी एकदा न राहवून विचारलं, "काय मंत्र म्हणतोस रे त्याच्या कानात?"

"मंत्र कायचा गुर्जी," तोंडात धरलेले खिळे हातावर घेत तो म्हणाला, "त्याले माह्यं खरं नाव सांगतो. आपुन कोन हाय हे सांगतलं का जनावर भेत नाही."

मी हसलो. तोही हसला. त्याचं हे उत्तर सगळ्या गावाला पाठ होतं आणि सगळं गाव त्यावर हसत असे. त्या माणसानं आमच्या गावात राहून गावाला दोनच खऱ्या गोष्टी सांगितल्या. त्यातली ही एक, आणि तीच आम्ही थट्टेवारी नेली.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी बुलढाण्याचा, म्हणजे घाटावरचा. माझी मास्तरकीची पहिली बदली झाली ती थेट घाटाखाली, वरवट बकालच्याही पुढं, सातपुड्याच्या पायथ्याला टेकलेल्या एका खेड्यात. गावाचं नाव सांगत नाही. त्या घरांतली माणसं अजून आहेत, आणि मला अजून तिकडं जायचं असतं. घाटावरच्या माणसाला वैशाखात घाटाखाली धाडणं म्हणजे भाकरी तव्यावरून उचलून विस्तवाला लावणं. मी दोन्ही बाजूंनी भाजून निघालो होतो, तेवढ्यात हा महादू गावात आला. खांद्यावर दोर, पाठीला हत्यारांचं पोतं, काळासावळा, अंगानं काटक, मिशा मात्र पोलीस पाटलाला शोभतील अशा. लोणारकडचा आहे, बायको वारली, मूलबाळ नाही, पोट भरायला आलो, असं त्यानं सांगितलं. जगदेवरावांनी त्याला आपल्या गोठ्यामागची पडवी दिली. माझी खोली तिला लागूनच. त्यामुळं त्याचं खोकणं, गुणगुणणं आणि सकाळच्या पिठल्याचा वास हे तिन्ही मला भिंतीतून फुकट मिळायचे.

आता एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. महादू पोलीस होता. बाप खरोखरच नालबंद, त्यामुळं हात तयार होता. म्हणून खात्यानं त्याला निवडून आमच्या गावात पेरला होता. पेरला तो जगदेवरावांच्याच दारात.

जगदेवराव म्हणजे गावातलं वजनदार माणूस. देवळाचा सभामंडप त्यांनी बांधला, माझ्या शाळेची घंटा त्यांनी दिली, कोणाच्या मुलीचं लग्न अडलं तर पहिली पायली गहू त्यांच्याकडून जायची. आणि त्याच वेळी खामगावपासून घाटावरच्या चिखलीपर्यंत शेतकऱ्यांच्या गोठ्यांतून जे बैल नाहीसे होत, त्यांची वाट त्यांच्याच शेतातून जायची. चोरणारे वेगळे, हाकणारे वेगळे, पलीकडं विकणारे वेगळे. एकाला दुसऱ्याचं तोंड माहीत नसे, सगळ्यांना माहीत ते फक्त जगदेवराव. सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश. तिथले पोलीस वेगळे, बाजार वेगळे. डोंगरात चढवण्याआधी बैलाची शिंगं साळायची, बाजाराची खोटी पावती करायची आणि पायातले नाल बदलायचे. नाल बदलणं फार गरजेचं होतं. प्रत्येक नालबंदाची खिळे मारायची ढब निराळी असते, आणि गावचा नालबंद आपलं काम दुसऱ्या राज्यात गेलं तरी ओळखतो. जगदेवरावांना विश्वासाचा नालबंद हवा होता. त्यांना तो मिळाला, असं त्यांना वाटलं.

महादू उपटून काढलेले जुने नाल पोत्यात टाकायचा. दोन-तीन महिन्यांनी "लोखंड आनाले जातो" म्हणून खामगावला जायचा आणि ते पोतं तिथं साहेबासमोर रिकामं करायचा. मग साहेबाची माणसं ते नाल घेऊन गावोगावच्या नालबंदांना दाखवत फिरायची. हे सगळं मला फार मागाहून कळलं. तेव्हा मला एवढंच दिसायचं, की हा माणूस भंगार घेऊन जातो आणि बऱ्याचदा भंगार न विकल्यासारखं तोंड करून येतो.

त्याचं बोलणं ऐकत राहावं असं होतं. "खिया वाकडा गेला तं बैल लंगडून सांगते. मानूस वाकडा गेला तं बरोब्बर सरळ चालते," हे त्याचं आवडतं वाक्य. माझ्या पोरांनी गणितं चुकवली आणि मी चिडलो की म्हणायचा, "गुर्जी, पाडल्याबिगर नाल ठोकता येत नाही, पन पाडनं म्हंजे मारनं नोहे." एकदा चावडीवर कोणीतरी बातमी आणली, की वरच्या अंगाच्या गावातून एका विधवेची जोडी गेली. सगळे हळहळले. जगदेवरावही हळहळले, आणि खरंच हळहळले असावेत, कारण माणूस असा एका साच्यातला कधीच नसतो. महादू नुसता तंबाखू मळत बसला होता. घरी येताना मला म्हणाला, "ज्याचा बैल गेला, त्याच्या घरी पोयाच्या दिशी काय करत असतीन हो?"

"मातीचे बैल पूजत असतील," मी म्हणालो.

"हाव," तो म्हणाला. "मातीचे."

आम्हा दोघा सड्याफटिंगांची खरी अन्नदाती म्हणजे जगदेवरावांच्या घरच्या कौसाबाई. बाई उंच, आवाज खणखणीत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांना मूल नव्हतं. त्यामुळं घरातली माया कोणावर तरी सांडायची, आणि आम्ही दोघं जवळ होतो. मला त्या मास्तर म्हणून जपून वाढायच्या. महादूला मात्र शिव्या देऊन वाढायच्या. "खाय बे मुडद्या, नुसता हाडाचा सापया झाला! बैलाले पाडतं का बैल तुले पाडते?" यावर तो "वैनी, अजून एक भाकर आना, मंग सांगतो," असं म्हणायचा. त्या रागावून दोन आणायच्या. आपल्या नवऱ्याच्या उद्योगातलं त्यांना किती ठाऊक होतं हे मी कधी विचारलं नाही. गोठ्यात पाहुणे बैल येत, जात. त्या त्यांना वैरण टाकत. शेतकऱ्याच्या बायकोला धनी सांगतो तेवढंच ठाऊक असतं, आणि पुष्कळ वेळा तिला तेवढंच ठाऊक असायला हवं असतं.

एकदा महादू खामगावहून परतला तो सरळ पडवीत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडला. संध्याकाळी जेवायला आला नाही. मी बोलावलं तर म्हणाला, "पोट दुखते." कौसाबाईंनी वाट पाहिली, मग स्वतः पडवीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. "काऊन रे? खरं सांग."

मग आतून आवाज आला, "माय गेली."

ही दुसरी खरी गोष्ट. त्याची आई गेल्याला पंधरवडा उलटून गेला होता. घरच्यांना तो कुठं आहे हे माहीत नव्हतं, आणि ज्या साहेबाला माहीत होतं त्यानं आपल्या सोयीनं सांगितलं. अग्नी भावकीतल्या कोणीतरी दिला. याला ना डोकं भादरता आलं, ना दहाव्याला घाटावर बसता आलं.

कौसाबाई घरात गेल्या, पाणी तापवलं, त्याला अंगणातल्या दगडावर बसवून डोक्यावरून पाणी घातलं. मग पिठलं-भाकरीचं ताट आणून समोर बसल्या आणि पहिला घास आपल्या हातानं त्याच्या तोंडात घातला. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. तेव्हा आपल्या माणसांनी बाहेरून आणून भरवायचा तो हा कडू घास. तो कोणीही भरवत नाही. तो भावकी भरवते, सोयरे भरवतात, बहीण भरवते. महादू लहान पोरासारखा रडत रडत खात होता, आणि कौसाबाई म्हणत होत्या, "खाय बाप्पा. माय कोनाची जन्माले पुरत नाही. मी हाय ना."

त्यानंतर तो बदलला. गुणगुणणं बंद झालं. बैलाच्या कानाशी मात्र पूर्वीपेक्षा जास्त वेळ रेंगाळू लागला. मला वाटायचं, आईच्या दुःखानं असेल. ते होतंच. पण पुढं बुलढाण्याला त्यानं मला सांगितलं, "गुर्जी, थ्या दिसापासून मले जेवन गिळाले जड जाये. म्या साहेबाले म्हनलं, मले काढा इथून. साहेब म्हने, नाल पुष्कळ झाले, आता बैल दाव. सारे एकासाथ, आन् जगदेवराव त्याईच्या मधात उभा."

कारण एकेक बैल पकडून उपयोग नव्हता. एकाची खोटी पावती दाखवून जगदेवराव सुटले असते. सगळा माल एका जागी कधी जमतच नसे. डोंगराच्या कपारींत, नाल्यांत, दोन इथं तर तीन तिथं असे बैल लपवलेले असत. ते सगळे उजेडात आणण्याची ताकद पोलिसांत नव्हती. ती पोळ्यात होती.

जगदेवरावांनी पुढं जी चूक केली ती फक्त शेतकरीच करू शकतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि त्याला जेवायचं निमंत्रण द्यायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." हे आवतण दिलं नाही तर वर्षभर त्या घराच्या अन्नाला चव राहत नाही, अशी आमच्याकडची समजूत. त्या वर्षी डोंगर चिखलानं बंद झाला आणि बरेच बैल अलीकडंच अडकून पडले. खांदमळणीच्या दिवशी जगदेवरावांनी महादूला बोलावून सांगितलं, की सकाळी सगळे बैल शेतातल्या महादेवाच्या देवळापाशी आणायचे.

"धोक्याचं हाय मालक," महादू म्हणाला. हे तो मनापासून म्हणाला, असं त्यानं मला पुढं शपथेवर सांगितलं. त्यांनी नाही म्हणावं असंच त्याला वाटत होतं.

"चोरीचा झाला म्हनून काय झालं? बैल हाय ना थो?" जगदेवराव म्हणाले. "पोयाच्या दिशी उपाशी ठेवू काय त्याले? नरकात जागा भेटनार नाही."

मलाही पूजेचं आमंत्रण होतं. सकाळी शेतावर गेलो तर डोळे निवले. धुतलेले, शिंगं रंगवलेले, पाठीवर झुली घातलेले बैल देवळापुढं रांगेनं उभे. मला वाटलं, जगदेवरावांची श्रीमंती! कौसाबाईंनी पुरणपोळ्यांची टोपली उतरवली आणि एकेका बैलाच्या तोंडाशी नैवेद्य धरत निघाल्या. जगदेवराव हातात आरतीचं ताट घेऊन मागून येत होते. महादू कडेला उभा होता. त्याचा चेहरा असा होता, की मी विचारलं, "ताप आहे का रे?"

ज्वारी कमरेला आली होती. तिच्यात पोलीस बसलेले होते. खुणेची शिट्टी महादूनं वाजवायची होती. आम्ही शेतात पोचण्याच्या आधीच त्यानं साहेबाला जाऊन हात जोडले होते, "बैल जेऊ द्या साहेब. मंग धरा." साहेब चरफडला, पण शिट्टी महादूच्या तोंडात होती. शेवटच्या बैलानं घास गिळला, कौसाबाईंनी टोपली खाली ठेवली, आणि मग ती शिट्टी वाजली.

पळापळ झाली नाही. जगदेवराव जागचे हलले नाहीत. साहेब येऊन "शाबास जमादार" म्हणाला, तेव्हा त्यांनी महादूकडं वळून पाहिलं. आरतीचं ताट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "नाल पक्के ठोकले बे तू."

कौसाबाई मात्र त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाल्या, "ज्याले कडू घास चारला, थो भाऊ झाला. भाऊ असं करते काय रे?" महादूनं मान खाली घातली ती वर केली नाही. "आता माह्या दारी पाय नोको ठेवू," एवढं बोलून त्या घराकडं चालू लागल्या.

बैल ज्यांचे त्यांना परत मिळाले. एक म्हातारा घाटावरून चालत आला होता. आपल्या बैलाच्या गळ्यात पडून तो जो रडला, तो पाहून महादूनं बरोबरच केलं असं मला वाटलं. संध्याकाळी कौसाबाईंच्या घरावरून गेलो, दार लावलेलं होतं, आणि तेव्हा मला तसं वाटलं नाही. आजही माझं मन या दोन घरांच्या मध्येच कुठंतरी उभं आहे.

जगदेवरावांना शिक्षा झाली. तुरुंगातून ते छातीचं दुखणं घेऊन आले आणि फार जगले नाहीत. माझी बदली परत बुलढाण्याला झाली. तिथं एकदा कोर्टासमोर एक खाकीतला जमादार माझ्यापुढं सायकलवरून उतरला. मिशा त्याच होत्या. मी "जमादारसाहेब" म्हणालो तर त्याला ते लागलं. "महादूच म्हना गुर्जी. तुमच्या तोंडात थेच बरं वाटते." त्याचं खरं नाव तेव्हाच मला कळलं, पण माझ्या जिभेवर ते कधी बसलंच नाही. वारली म्हणून सांगितलेली त्याची बायको चांगली ठणठणीत होती, आणि मला चहा देताना हसून म्हणायची, "तुमच्या गावात मला मारून आले, आता पुरणपोळी करू देत नाहीत!" खरंच होतं ते. त्या दिवसानंतर त्यानं पुरणपोळी तोंडात घातली नाही. खात्यानं त्याला मानाचा बिल्ला दिला होता. तो कुठं आहे विचारलं तर म्हणायचा, "हाय कुठंतरी. बैलाच्या गयात बांधाले कामी येईन."

आणि दर वर्षी खांदमळणीच्या दिवशी रजा टाकून तो एसटीनं घाट उतरायचा. कौसाबाईंच्या घरासमोरच्या कडुलिंबाखाली उभा राहायचा. त्या गोठ्यात बैलांचे खांदे मळायच्या, त्याच्याकडं पाहायच्या नाहीत. दिवस कलला की तो परत यायचा. "काय मिळतं तुला?" मी एकदा चिडून विचारलं. तो म्हणाला, "शिक्षा जगदेवरावले झाली गुर्जी. माही बाकी हाय ना."

तो निवृत्त झाला त्या वर्षी मीही बरोबर गेलो. आता तो थकला होता, चढावर दम लागायचा. कौसाबाईंचे केस पांढरे झाले होते. जोडीतला एक बैल त्याच उन्हाळ्यात मेला होता आणि गोठ्यात एकच उरला होता. त्या त्याला पाण्यावरून आणत होत्या. लिंबाखालून महादूनं पाहिलं आणि त्याच्या तोंडून निघूनच गेलं, "वैनी, डाव्या पायात खिया वाकडा गेला त्याच्या."

कौसाबाई थांबल्या. बैलाच्या पायाकडं पाहिलं. हो म्हणाल्या नाहीत, पण 'चालता हो'ही म्हणाल्या नाहीत. महादू रस्ता ओलांडून अंगणात गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचा पाय त्या अंगणात पडला. त्यानं पिशवीतून पक्कड काढली. निवृत्त झाला तरी ती पिशवीत असायचीच. बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि सवयीनं त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"थांब," कौसाबाई म्हणाल्या. "काय सांगतं रे त्याच्या कानात?"

महादूनं तोंड बैलाच्या कानापासून मागं घेतलं.

"कोर्टात पुकारा झाला तवा तुह्यं नाव आयकलं म्या. थे सरकारचं. तुह्या तोंडून नाही आयकलं अजून. मोठ्यानं सांग."

महादूनं बैलाच्या गळ्यावर हात ठेवला. नाव साधं होतं, पण ते बाहेर यायला त्याचे ओठ दोन-तीनदा हलले. तो बैलाकडंच पाहत म्हणाला, "मी एकनाथ. पार्बताबाईचा लेक."

ज्या आईचा कडू घास कौसाबाईंनी भरवला होता, तिचं नाव त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. महादूनं गुडघ्यावर खूर घेतला, वाकडा खिळा उपटून काढला. बैलानं पाय टेकला, दोन पावलं टाकली आणि सरळ उभा राहिला. कौसाबाई घरात जाऊन तूप-हळदीची वाटी घेऊन आल्या, बैलाचा खांदा चोळला आणि म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

मग वाटीतलं उरलेलं तूप बोटानं निपटत, कोणाकडंही न पाहता, त्यांनी तेच पुन्हा एकदा म्हटलं. गोठ्यात बैल एकच होता.

परतीच्या गाडीची वेळ झाली होती. मी महादूच्या दंडाला धरून म्हणालो, "चल, फाट्यावर एसटी येईल." तो हलला नाही. तोंडावरून धोतराचा सोगा फिरवत म्हणाला, "तुमी जा गुर्जी. मले आवतन हाय."